दोन चिन्हांची संख्या

१, २, ४, ८ व १६ किलोंचीं पांच वजनें आपणांजवळ आहेत असें समजा. एवढ्यांनीं १ पासून ३१ किलोंपर्यंत कोणतेंही पूर्ण किलोचें धान्य तोलतां येतें. पोतें २२ किलो भरलें, तर ताजव्यांत १६, ४ व २ हीं असतील. ८ व १ खालीं राहतील. आतां मोठ्या वजनापासून आरंभ करून ठेवलेल्यास १ व न ठेवलेल्यास ० लिहा: १०११०. ही द्विमान पद्धतीची बावीस होय. जर्मन पंडित लायब्निट्स ह्यानें १७०३ सालीं हिचें विवेचन केलें; आजचा संगणक हिच्यावरच चालतो.

वजनें नसतील तर संख्येस २ नें भागीत जावें. २२ चे ११, बाकी ०. ११ चे ५, बाकी १. ५ चे २, बाकी १. २ चा १, बाकी ०. १ चें शून्य, बाकी १. ह्या बाक्या खालून वर वाचाव्या. येथेंच पुष्कळ जण चुकतात. वरून खालीं वाचल्यास ०११०१, म्हणजे ८, ४ व १ मिळून १३ होतात, आणि शेतकऱ्याचें नऊ किलो धान्य बुडतें!

भागण्याची ही रीत आपल्या वडिलांस ठाऊक होती. १९५७ सालापर्यंत रुपयाचे १६ आणे होते. २२ आण्यांस १६ नें भागून ते १ रुपया ६ आणे म्हणत. षोडशमान पद्धतींतही बावीस १६ अशीच लिहितात. मात्र तेथें दहापासून पंधरापर्यंत प्रत्येकास एकेक निराळें चिन्ह लागतें.

आतां ताजव्यांत १६, ८ व १ आहेत. संख्या लिहून पाहा.