माळ्यावरचा लामणदिवा : एक वस्तुपाठ
(इयत्ता चौथी : परिसर अभ्यास व गणित)

घरोघरी वीज आली आणि जे जिन्नस मागे पडले, त्यांत लामणदिव्याची गणना प्रथम करावी लागेल. देवघरापुढे अथवा माजघराच्या तुळईला साखळीने टांगलेला हा पितळी दिवा एके काळी घराची शोभा होता. लग्नकार्यात तो मानाने हाती धरला जाई. आज तो पुष्कळ ठिकाणी माळ्यावर पोचे पडलेल्या भांड्यांच्या सोबतीस असतो आणि एखाद्या दिवशी मोडीच्या भावाने वजनावर जातो. पितळ वितळवून नवे भांडे करता येते; परंतु जुन्या दिव्याची घडण आणि त्याच्याशी निगडित असलेली घरची हकीकत पुन्हा मिळत नाही.

एका वाडीच्या शाळेत चौथीतील एका मुलीने असा दिवा आणला. तिच्या आजी तो भांडेवाल्यास देणार होत्या. तिने तो मागून घेतला होता. गुरुजींनी दिवा चिंचेने घासून लखलखीत केला, त्यात कागदी फुले ठेवली व तो वर्गात टांगला. दोन दिवस मुलांनी तो कौतुकाने पाहिला. पुढे त्याकडे कोणाचे लक्षही जाईना. माळ्यावर विसरलेली वस्तू वर्गात विसरली गेली, एवढेच झाले.

पुढे एके दिवशी आजी नातीचा डबा घेऊन शाळेत आल्या. दिवा पाहून म्हणाल्या, “फुलं कसली ठेवता गुरुजी त्यात? आधी त्याची साखळी बघा. माझा हात पोचत नव्हता, म्हणून सासूबाईंनी दोन कड्या वाढवून घेतल्या होत्या.” गुरुजींनी साखळी न्याहाळली. वरच्या दोन कड्या खरोखरच निराळ्या घडणीच्या होत्या. त्या दिवशी फुले निघाली आणि पाठास प्रारंभ झाला. त्याच धर्तीवर पुढील मांडणी केली आहे.

हेतू. परिचित वस्तूचे बारकाईने निरीक्षण करणे; मोजमाप व नोंद यांची सवय लावणे; घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळविणे.

१. निरीक्षण व मोजमाप. मुलांनी प्रथम दिव्याचे चित्र काढावे. साखळीच्या कड्या मोजाव्यात. एका कडीची लांबी मोजून संपूर्ण साखळीच्या लांबीचा अंदाज करावा, मग पट्टीने तो पडताळावा. कड्या एकमेकींत अडकलेल्या असल्याने गुणाकार व प्रत्यक्ष लांबी यांत फरक पडतो. तो का पडतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. दिव्याचे वजन आधी अंदाजाने सांगावे व नंतर तराजूवर पाहावे. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे, हे येथे सांगावे.

२. झोका. रिकामा, न पेटविलेला दिवा पक्क्या आकड्यास असा टांगावा, की आकड्यापासून दिव्याच्या मध्यापर्यंतचे अंतर एक मीटर भरेल. शेजारी तेवढ्याच लांबीच्या दोरीस एक दगड बांधावा. दोहोंस हलका झोका देऊन दहा हेलकाव्यांचा वेळ सेकंदकाट्यावर मोजावा. जाऊन परत येणे हा एक हेलकावा. दोन्ही वेळा सुमारे वीस सेकंद भरतील. साखळी जड असल्यास थोडा फरक पडेल. दिवा जड, दगड हलका. तरी वेळ जवळजवळ सारखाच! आता दगडाची दोरी पंचवीस सेंटिमीटर करावी. लांबी चौथाई झाली, पण वेळ मात्र निम्मा, म्हणजे सुमारे दहा सेकंद होतो.

पीसा येथील चर्चमध्ये झुलणारा दिवा पाहून गॅलिलिओने आपल्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचे हेलकावे मोजले, अशी आख्यायिका आहे. पुढे १६५६ साली हायगेन्स याने लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. ही गोष्ट प्रयोगानंतर सांगावी, आधी नव्हे.

३. वात. वाटीत रंगीत पाणी घेऊन कापसाच्या वातीचे एक टोक त्यात बुडवावे. पाणी वातीतून वर चढताना दिसते. तेलही असेच ज्योतीपर्यंत पोचते. यास केशाकर्षण म्हणतात. दिवा पेटविणे झाल्यास ते शिक्षकांनीच, टांगलेला नव्हे तर स्थिर ठेवलेल्या दिव्यावर करावे.

दक्षता. वस्तू पालकांच्या संमतीनेच आणवावी, तिची नोंद करावी आणि आठवड्याच्या आत ती परत पोचवावी. चिंचेतील आम्लाने पितळेवरील काळपटपणा जातो. परंतु मालकास विचारल्यावाचून घासू नये. सर्वांच्या घरी पितळ नसते. अडकित्ता, कंदील, फणीकरंड्याची पेटी, फुटका रांजणसुद्धा पाठास चालतो. कोणाच्या घरून काय आले यावरून मुलांत तुलना होऊ देऊ नये.

स्वाध्याय. प्रत्येक मुलाने घरातील न वापरातील एका वस्तूविषयी घरच्या वृद्ध माणसास तीन प्रश्न विचारावेत : ही कोठून आली? कोण वापरी? वापर केव्हा थांबला? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणावीत.

दिनकर गंगाधर केळकर यांनी अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या; दिवे, अडकित्ते, दौती यांनी समृद्ध असलेले पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यातूनच उभे राहिले. प्रत्येक शाळेने संग्रहालय उभारावे, असे नाही. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच शोभते. शाळेने तिची माहिती जपावी, इतके पुरे आहे.

उपरिनिर्दिष्ट शाळेतील दिवा आठवड्याने घरी गेला. कड्यांची संख्या, वजन, हेलकाव्यांचा वेळ हे सारे नातीने वहीतून आजींना वाचून दाखविले. दोन जोडकड्यांची नोंद तिने सर्वांच्या वर केली होती. आजींनी दिवा माळ्यावर न ठेवता तुळईला टांगण्यास सांगितले, आणि या खेपेस नातीचा हात पोचावा म्हणून तो आणखी थोडा खाली घेतला.