शाळेचं मेंदीचं कुंपण कसं जगवावं?

आपल्या मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला मेंदीचं कुंपण आहे. ते औंदा मधूनच वाळलं. जूनमध्ये आम्ही चौथीच्या मुलांनी पावलांनी मोजलं. एकूण 84 पावलं भरलं. त्यातली 31 पावलं नुसत्या काटक्या! तिथून शेळ्या आत येतात आणि पोषण आहारासाठी लावलेली मेथी फस्त करतात. पहिलीची पोरं त्याच फटीतून रस्त्यावर पळतात, ते तर मेथीपेक्षा वाईट. म्हणून गावातली काही माणसं म्हणाली, हे उपटून टाका अन् काटेरी तार ठोका. गुरुजी म्हणाले, पोळ्यापर्यंत पाहू.

आधी झाड मेलं की जिवंत आहे हे ओळखावं. पानं नाहीत म्हणजे मेलं असं नसतं. खोडाची साल नखानं थोडी खरवडावी. आतून हिरवी ओली निघाली तर झाड जिवंत. तपकिरी कोरडी निघाली तर अजून खाली, मुळाजवळ खरवडून पाहावं. आम्ही वाळक्या भागातली 60 झाडं अशी तपासली. 41 हिरवी निघाली. बाकीच्या 19 झाडांना खाली वाळवी लागली होती, ती हातानं ओढली तरी उपटून आली.

मग आजाराचं कारण शोधावं. आपल्या कुंपणावर पिवळ्या दोऱ्यासारखी अमरवेल पसरली होती. तिला पानं नसतात आणि तिची मुळं जमिनीत नसतात. ती दुसऱ्या झाडाच्या फांदीत शिरून रस पिते. दिसायला छान, पण लई लबाड! तिचा तुकडा जरी फांदीवर राहिला तरी ती परत वाढते. म्हणून वेल ज्या फांदीला चिकटली ती फांदीच कापावी आणि लांब नेऊन जाळावी. जाळायचं काम मोठ्यांनी करावं.

दुसरं कारण पायाखाली होतं. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात पाणी साचतं. त्यात सगळ्यांनी तुडवून ती दगडासारखी झाली होती. मुळांनाही हवा लागते. आम्ही खुरप्यानं माती हलकी केली, जास्त खोल नाही, नाहीतर मुळं तुटतात. शेणखत टाकलं आणि साचलेलं पाणी जायला बारीक चर काढला. आमच्या भागात हळद पुष्कळ पिकते. तिचा वाळलेला पाला बुडाशी पसरला तर ओल टिकते. पण खोडाला चिकटवू नये आणि वाळवी असेल तिथं टाकूच नये.

आता छाटणी. आपण दरवर्षी वरूनच भादरतो. त्यामुळे वर छत्रीसारखं दाट होतं, खाली ऊन पोचत नाही आणि बुड उघडं पडतं. कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद ठेवावं. मेंदीचं खोड जमिनीपासून एक फुटावर कापलं तरी पुन्हा फुटतं. परंतु सगळी झाडं एकदम कापू नयेत, कारण पानंच झाडाचं अन्न बनवतात. आम्ही एक सोडून एक अशी 21 झाडं कापली, बाकीची पुढच्या वर्षी. आमच्या वर्गातल्या मुली रुसल्या की पंचमीला मेंदी कुठून आणायची? म्हणून चांगल्या भागाला हात लावला नाही.

गुरुजींनी एक नवलाची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या काळी मिठावर कर होता. मीठ चोरून नेऊ नये म्हणून त्यांनी शेकडो मैल काटेरी झाडांचं कुंपण वाढवलं होतं. ते बऱ्हाणपुराकडूनही जात होतं. त्यात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग होते. ते काम ए. ओ. ह्यूम यांनी बरंच वाढवलं. हेच ह्यूम 1885 साली काँग्रेस स्थापन करणाऱ्यांत होते. त्या कुंपणालाही वाळवी आणि परजीवी वेली छळत होत्या! 1879 साली ते सोडून दिलं. मिठावरचा कर मात्र गेला नाही. तसलं कुंपण मेलं ते बरंच झालं, असं मला वाटतं.

आपल्या 19 खड्ड्यांत आम्ही पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर मेंदीच्या काड्या लावल्या. निंबाखाली सावली आहे, तिथं अडुळसा लावला. माझे आबा म्हणतात, अडुळशाला शेळी तोंड लावत नाही.

आजपर्यंत कापलेल्या 21 पैकी 14 खोडांना लाल-हिरवे फुटवे आले आहेत. सात तशीच आहेत, पण साल हिरवी आहे. पोळ्याला 12 दिवस राहिले. पावसानं उघडीप दिली आहे, म्हणून दुपारच्या सुट्टीत बाटलीत उरलेलं पाणी नळाजवळ सांडू नका, त्या सात खोडांना घाला. त्यांना आम्ही लाल चिंधी बांधली आहे.

— इयत्ता चौथी