अडकलेल्या जेटचा धडा

जून महिन्यांत शाळा सुरू झाल्यावर नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु आमच्या प्रयोगशाळेंत आणिली. त्याच्या आजोबांच्या जुन्या बुलेट मोटारसायकलीचें तें कार्बुरेटर होतें. गाडी पुष्कळ वर्षें पडवींत उभी होती. आजोबा आतां ती चालवूं शकत नाहींत, परंतु तिचा आवाज पुन्हां एकदां कानीं पडावा अशी त्यांची इच्छा. गांवच्या मिस्त्रीनें "आंतलें कांहीं हलत नाहीं, फेकून द्या," असा निकाल दिला होता.

इ. स. १९५५ मध्यें मद्रास येथें बुलेट गाड्यांची जुळणी होऊं लागली. त्या पिढीच्या गाड्यांवर इंग्लंडांतील अमल कंपनीचें 'मोनोब्लॉक' नांवाचें कार्बुरेटर असे. हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण करून तें इंजिनास पुरविणें हें त्याचें काम. वजनानें सुमारें १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागतें, आणि हें माप राखण्याची जबाबदारी जेट नांवाच्या लहानशा पितळी खिळ्यांवर असते. जेटचें भोंक सुईच्या टोंकाएवढें. त्यांतून तार घातली कीं माप बिघडलेंच म्हणून समजावें.

आतां हे भाग अडकतात कां? पेट्रोल उडून जातें, पण सर्वच उडत नाहीं. त्यांतील कांहीं द्रव्यांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन तांबूस, चिकट राळ तयार होते व ती पुढें लाखेसारखी कठीण होते. दुसरें कारण अधिक मनोरंजक आहे. कार्बुरेटरचें कवच जस्ताच्या मिश्रधातूचें आणि जेट पितळेचे, म्हणजे तांबें व जस्त यांचे. तळाशीं पाणी सांठलें कीं दोन निराळे धातु व मध्यें ओल अशी स्थिति होते. १८०० सालीं व्होल्टानें जी विद्युत्-चिति लोकांपुढें मांडली तिचीच ही लहानशी आवृत्ति! या चितींत जस्त झिजतें. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्यें दाटते, आणि मूळ धातूपेक्षां तिला अधिक जागा लागत असल्यानें स्क्रू जखडून बसतो. आपल्या देशांत २०२५ सालीं पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. इथेनॉल पाणी शोषून घेतें, तेव्हां जुनी गाडी पेट्रोल भरून महिनोन् महिने उभी ठेवणाऱ्या पालकांनीं टांकी व कार्बुरेटर रिकामें करून ठेवावें हें बरें.

अशा वेळीं पहिला मोह चिंचेचा होतो. घरांतील पितळी भांडीं चिंचेनें लखलखतात हें खरें. परंतु आम्ल पितळेवरील डाग काढतां काढतां कवचाचें जस्तही खातें. म्हणून आम्हीं चिंच दूर ठेविली. पेट्रोलचा शेवटचा थेंब काढून, फ्लोट व वॉशर बाजूस करून, कार्बुरेटर चार दिवस रॉकेलांत बुडवून ठेविलें व नंतर पुसून उघड्या हवेंत पुरतें वाळविलें. मग तें उकळत्या पाण्यांत टाकिलें.

येथें वर्गांत मोठा वाद झाला. पुष्कळांचें म्हणणें असें पडलें कीं, धातु तापला म्हणजे फुगतो, म्हणून भोंक लहान होऊन जेट अधिकच आवळला जाईल. हा समज चुकीचा आहे. तापलेल्या पत्र्यांतील भोंक पत्र्याबरोबरच मोठें होतें. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव तापवून चढवितात ती याच आधारावर. शिवाय पितळ एका अंशास दर दहा लाखांत सुमारें १९ भाग वाढतें, तर हा जस्ताचा मिश्रधातु सुमारें २७ भाग. २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेलें असतां ५ मिलिमीटर व्यासाचें भोंक जेटपेक्षां सुमारें ०.००३ मिलिमीटर अधिक वाढतें. केसाच्या जाडीचा हा विसावा भाग; पण राळेची पकड सुटावयास तेवढा पुरतो. पाणीच कां, ज्योत कां नको? उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांपलीकडे जात नाहीं. ज्योतीस अशी मर्यादा नाहीं, आणि हा धातु ४०० अंशांच्या आंतच वितळतो. शिवाय पेट्रोलची वाफ कोठें लपली असेल तें सांगवत नाहीं. भांडें मात्र स्वयंपाकाचें घेऊं नये.

खांचेंत बरोबर बसेल असा पेचकस घेऊन आम्हीं जेट प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें फिरविला, मग उलट. भुकटी फुटण्यास ही मागें-पुढें हालचाल फार उपयोगी पडते. तिसऱ्या उकळीनंतर मुख्य जेट "टक्" असा आवाज करून सुटला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

त्या टाळ्यांनींच आमचा घात केला. आंत बसविलेला जेट-ब्लॉक अद्याप निघत नव्हता. आम्हीं खालून लांकडी ठोकळा लावून हातोडीनें ठोकलें. हललें नाहीं, म्हणून अधिक जोरानें ठोकलें. तोंच कवचाच्या बाजूस केसाएवढा तडा गेला. मुलगा कांहींच बोलला नाहीं. त्या संध्याकाळीं आम्ही स्वतः त्यांच्या घरीं गेलों व आजोबांस घडलें तें सांगितलें. त्यांनीं कवच खिडकीच्या उजेडांत धरिलें व शांतपणें विचारिलें, "मास्तर, तो बाजूचा बारीक स्क्रू आधीं काढला होता का?"

काढला नव्हता. जेट-ब्लॉक जागेवर राहावा म्हणून कवचाच्या बाजूनें एक लहान स्क्रू असतो. तो मळाखालीं झांकला गेला होता. ब्लॉक अडकलेला नव्हताच, तो बांधलेला होता!

नवें कवच मागवावें लागलें. त्याचा खर्च आम्हीं सोसला. जुने जेट साफ करून त्यांत बसविले आणि दिवाळीच्या सुटींत, सातव्या लाथेस, बुलेट सुरू झाली. आजोबा पडवींत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनीं "पेट्रोल जरा जास्त होतेंय," एवढेंच म्हटलें, व तें खरें होतें.

तडा गेलेलें कवच प्रयोगशाळेच्या कपाटांत दुसऱ्या खणांत ठेविलें आहे. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं आमच्याकडून भिंग मागून घ्यावें.