काटा कोणाच्या हातात?



आज एक अवघड शब्द वाचू. हि-त-सं-बं-ध. हितसंबंध. हित म्हणजे फायदा. संबंध म्हणजे नाते. ज्या कामात आपला फायदा गुंतलेला असतो, त्या कामात आपला हितसंबंध आहे असे म्हणतात.

आपल्या फैजपूर भागात केळीची कापणी होते तेव्हा व्यापारी येतो. घड तोलले जातात. काटा व्यापाऱ्याचा. तोलणारा गडी व्यापाऱ्याचा. पैसे देणार तोही व्यापारीच. शेतकरी काट्याकडे डोळे लावून उभा राहतो. व्यापारी लबाड असतोच असे नाही. पण घेणारा आणि तोलणारा एकच आहे, एवढ्यानेच मनात शंका येते. ती शंका रास्त आहे.

माझीच गोष्ट सांगतो. मी हेडमास्तर असताना माझा मुलगा माझ्याच वर्गात होता. वार्षिक परीक्षेचे पेपर मीच तपासले. त्याचा पहिला नंबर आला. मी एकही मार्क जादा दिला नव्हता. पण गावात कोणाला ते पटेना. पोरगा महिनाभर तोंड लपवून फिरला. पुढच्या वर्षी त्याचा पेपर मी दुसऱ्या गुरुजींकडे दिला. त्याचा तिसरा नंबर आला. त्या तिसऱ्या नंबराचे पेढे मात्र लोकांनी घरी येऊन खाल्ले, बरं का!

आता पुढाऱ्यांकडे वळू. पुढाऱ्याने धंदा करू नये असे कोठेही लिहिलेले नाही. कोणाची शेती असते, कोणाचे दुकान, कोणाचा पेट्रोल पंप. आपल्या महाराष्ट्रात कितीतरी आमदार साखर कारखान्याचे चेअरमन असतात, शिक्षण संस्था चालवतात. यात गुन्हा नाही. प्रश्न उभा राहतो तो पुढे. त्याच धंद्याला परवाना द्यायचा, कर्जाला सरकारची हमी द्यायची, जमीन द्यायची, आणि कागदावर सही त्याच माणसाची! मग केळीच्या काट्यासारखे होते.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे २०१४ पासून राज्याचे महसूलमंत्री होते. जमिनीचे खाते त्यांच्याकडे होते. एप्रिल २०१६ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे तीन एकर जागेची खरेदी झाली. खरेदी त्यांच्या पत्नीच्या आणि जावयाच्या नावाने होती. किंमत ३ कोटी ७५ लाख रुपये. ही जागा औद्योगिक विकास महामंडळाने फार पूर्वीच संपादन केलेली आहे, असे महामंडळाचे म्हणणे. आरोप असा झाला की, याच जागेविषयी मंत्र्यांनी अधिकाऱ्यांची बैठक घेतली आणि त्याच महिन्यात घरच्यांनी ती विकत घेतली. मोठा गाजावाजा झाला. ४ जून २०१६ रोजी त्यांनी राजीनामा दिला.

पुढे काय झाले? निवृत्त न्यायमूर्ती दिनकर झोटिंग यांची चौकशी समिती बसली. तिने २०१७ मध्ये सरकारला अहवाल दिला. २०१८ मध्ये लाचलुचपत खात्याने प्रकरण बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. २०२१ मध्ये केंद्राच्या सक्तवसुली संचालनालयाने जावयाला अटक केली. आपण काही गैर केले नाही, असे खडसे पहिल्यापासून सांगत आले आहेत. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. दोषी कोण, हे कोर्ट ठरवते. पारावर बसून आपण ते ठरवू नये. पण एक प्रश्न आपण विचारू शकतो. ज्या जागेची फाईल आपल्या टेबलावर येऊ शकते, ती जागा आपल्या घरात विकत घ्यावी काय? हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याला विचारता येतो.

याबाबत कायदा काय सांगतो? येथे गंमत आहे. खुर्ची जितकी लहान, तितका कायदा कडक!

मंत्र्यांसाठी एक आचारसंहिता आहे. मंत्री झाल्यावर धंद्याच्या कारभारातून बाजूला व्हावे, घरच्या माणसांनी सरकारला माल पुरवण्याचा धंदा करू नये, असे तीत सांगितले आहे. पण आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे. ती मोडली म्हणून आपोआप शिक्षा होत नाही.

आमदार-खासदारांसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याच्या कलम ९-अ प्रमाणे, ज्याने स्वतः सरकारला माल पुरवण्याचे किंवा सरकारचे काम करण्याचे कंत्राट घेतले आहे, तो ते चालू असेपर्यंत अपात्र ठरतो. स्वतः, हा शब्द नीट वाचा. कंत्राट भावाच्या नावाने असेल तर हे कलम सहसा लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या सदस्याचे तसे नाही. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम १४ पाहा. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा सरळ किंवा आडून वाटा आहे, तो सदस्य राहू शकत नाही. आडून, हा शब्द मोठा आहे. तक्रार आली तर निर्णय जिल्हाधिकारी देतात.

गोव्यात असेच एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. बाई पंचायतीची सदस्य, आणि पंचायतीचे काम तिच्या नवऱ्याने घेतलेले. गोव्याच्या कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. म्हणून नवऱ्याच्या नफ्यात बाईचा वाटा आला, आणि २०१२ मध्ये कोर्टाने तिला अपात्र ठरवणे कायम केले. आपल्याकडे मिळकतीचा कायदा तसा नाही. त्यामुळे आडून वाटा आहे की नाही, हे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते.

तपासायचे तर कागद हवा. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या उमेदवाराला अर्जाबरोबर शपथपत्र द्यावे लागते. त्यात त्याची, पत्नीची किंवा पतीची आणि अवलंबून असणाऱ्या माणसांची मालमत्ता, कर्जे आणि सरकारशी असलेली कंत्राटे लिहावी लागतात. ते कोणालाही वाचता येते. कमावता मुलगा किंवा जावई मात्र त्यात येत नाही. भोसरीची गोष्ट आठवा, म्हणजे ही फट केवढी आहे ते कळेल.

गावचा कागद मिळवणे त्याहून सोपे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क तुम्हाला दिला आहे. अर्ज असा लिहा :

"जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत (गावाचे नाव) यांस. गेल्या वर्षी गावात झालेल्या कामांची यादी मिळावी. प्रत्येक कामाचे कंत्राट कोणाला दिले, किती रुपयांचे दिले, ते कळावे. ज्या सभेत ते मंजूर झाले, त्या सभेच्या ठरावाची नक्कल मिळावी."

खाली नाव, पत्ता, तारीख आणि सही. अंगठा नको, आता सही येते! वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तोही लागत नाही, दाखला जोडावा. अर्ज दीडशे शब्दांच्या आत ठेवा. पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर यावे लागते.

उत्तर आले की घाई करू नका. कामांच्या यादीत कंत्राटदारांची नावे असतील. ठरावाच्या नकलेत सूचक, अनुमोदक आणि हजर सदस्यांची नावे असतील. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा, आणि नावे एकेक करून मोठ्याने वाचा.