आधी पाहा, मग खोला

जबलपूरजवळ नर्मदेवरच्या बरगी जलाशयात आमच्या बचाव बोटीचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन भर वेगात एकदम मंदावले. समोर छात्रांच्या शिडाच्या होड्या होत्या आणि वारा वाढत होता. मी घाईने प्लग पान्याकडे हात नेला. तीच माझी चूक होती. तपासणीचा क्रम असा ठेवा :

१. इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची धार पडते का? पडत नसेल, तर इंजिन लगेच बंद करा.

२. धार ठीक असेल, तर पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. जोर परतला, तर दोष टाकी, नळी, फिल्टर किंवा पंपात आहे.

३. फरक पडला नाही, तर प्लगची ठिणगी पाहा. एक सिलिंडर बंद पडला तरी जोर असाच घटतो.

आमचा फुगा चपटा झाला होता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता! आत हवा जात नसल्याने पेट्रोल बाहेर येईना. स्क्रू सैल केला, फुगा दाबून टणक केला आणि बोट होड्यांपर्यंत पोहोचली.

स्क्रू उघडायचे काम माझेच होते. आता किनारा सोडण्यापूर्वी तो मी हात लावून पाहतो. वल्ही आणि नांगरही मोजून घेतो.