संगणक-योजना कोठे फसते : लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे उदाहरण

सार्वजनिक सेवेत संगणक आणावयाचा म्हटले की चर्चा बहुधा यंत्राची होते. यंत्राला काम सांगणारी आज्ञावली कोणी, किती मुदतीत आणि कोणाला विचारून तयार करावयाची, याचा विचार त्यामानाने थोडा होतो. बहुतेक योजना तेथेच बिघडतात. लंडन शहराच्या रुग्णवाहिका सेवेचे १९९२ मधील उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्याची रीतसर चौकशी होऊन फेब्रुवारी १९९३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

ही सेवा त्या वेळी सुमारे ६८ लाख लोकवस्तीसाठी होती व तिच्याकडे दररोज दोन हजारांहून अधिक दूरध्वनी येत. मिळालेली माहिती कागदी चिठ्ठीवर लिहावयाची, चिठ्ठी सरकत्या पट्ट्यावरून पुढे पाठवावयाची आणि त्या भागाची माहिती असलेल्या कर्मचाऱ्याने गाडी नेमून द्यावयाची, अशी जुनी पद्धत होती. तीत वेळ जाई, हे खरेच. ती बदलण्याचा पहिला प्रयत्न सुमारे ७५ लाख पौंड खर्ची पडल्यावर १९९० मध्ये सोडून द्यावा लागला.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी सल्लागारांनी अंदाज दिला होता : तयार प्रणाली मिळाल्यास १५ लाख पौंड व १९ महिने, न मिळाल्यास दोन्हींत बरीच वाढ. तयार प्रणाली मिळाली नाही. तरीही संपूर्ण काम ८ जानेवारी १९९२ रोजी पुरे झाले पाहिजे, अशी अट घालण्यात आली. करारापासून ही मुदत जेमतेम अर्ध्या वर्षाची होती. अनेक कंपन्यांनी ती अपुरी असल्याचे कळविले. पण तारीख बदलली नाही. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्यात आली, आणि आज्ञावली लिहिणाऱ्या लहान कंपनीस या प्रकारच्या कामाचा अनुभव नव्हता. कागदोपत्री अशी निवड निर्दोष दिसते, म्हणूनच ती अधिक धोक्याची.

ठरलेली तारीख अर्थातच टळली. मधल्या काळात कर्मचाऱ्यांना दिलेले प्रशिक्षण जुने झाले. ज्यांनी गाड्यांतून व नियंत्रण कक्षातून ही प्रणाली चालवावयाची होती, त्यांचा तिच्या रचनेत सहभाग फारसा नव्हता व तिच्यावर विश्वासही नव्हता. संपूर्ण भारासह चाचणी कधीच झाली नाही. ८१ ज्ञात दोष शिल्लक असताना, २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण लंडनसाठी ती एकदम सुरू करण्यात आली. त्याच दिवशी कक्षातील बैठकव्यवस्था बदलली आणि कागदी चिठ्ठ्याही बंद झाल्या.

प्रत्येक गाडी नेमकी कोठे आहे याची अचूक माहिती सतत मिळत राहील, असे आज्ञावलीने गृहीत धरले होते. गाडीतील बटन चुकीच्या क्रमाने दाबले गेले किंवा बिनतारी संदेश पोहोचला नाही, की हे गृहीत कोसळे. मग एकाच ठिकाणी दोन गाड्या जात, तर दुसरीकडे एकही नाही. इशाऱ्यांची यादी इतकी लांबली की जुने इशारे पडद्याबाहेर गेले. वाट पाहून थकलेले लोक पुन्हा दूरध्वनी करू लागले व भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी दुपारी काही काम पुन्हा हाताने सुरू करावे लागले. विशेष म्हणजे, या दोन दिवसांत यंत्र तांत्रिकदृष्ट्या बंद पडले नव्हते, असे चौकशीत आढळले. त्याने सांगितले तेच केले होते.

यंत्र खरोखर बंद पडले ते ४ नोव्हेंबरच्या पहाटे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी आज्ञावलीत केलेल्या एका बदलात राहिलेल्या चुकीमुळे, वापरून झालेली स्मृतीची जागा मोकळी होत नव्हती. ती हळूहळू भरून गेली. राखीव यंत्राकडे काम आपोआप जावयास हवे होते, ते गेले नाही. त्या व्यवस्थेचीही पुरेशी चाचणी झालेली नव्हती. नियंत्रण कक्षाला पुन्हा कागद व पेन्सिलीकडे वळावे लागले.

पुढील प्रणाली १९९६ मध्ये आली. तिची आखणी सेवेच्या कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन झाली, आणि प्रथम केवळ दूरध्वनी नोंदविण्याचे काम तिच्याकडे देण्यात आले. गाड्या नेमण्यासारखी पुढची कामे एकेक टप्पा स्थिर झाल्यावर जोडली गेली.