राष्ट्राची रोजकीर्द आणि राष्ट्राचा ताळेबंद

रोजकीर्द आणि ताळेबंद या दोन भिन्न वस्तू आहेत, हे या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको. शंभर पोती गहू विकला की रोजकीर्दीत रक्कम जमा होते. वखारीतील माल तेवढा घटला, हे ताळेबंदावाचून दिसत नाही. वखार रिकामी करून आलेल्या पैशाला जो नफा म्हणतो, त्यास बाजारात कोणी उधार देत नाही. राष्ट्राच्या बाबतीत मात्र आपण रोजकीर्दच वाचीत आलो आहोत. वर्षाचे उत्पन्न किती, या एका आकड्यावर प्रगती मोजली जाते. अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न १९३४ साली मोजून देणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच, या आकड्यावरून लोककल्याण अजमावता येणार नाही, असे तेव्हा बजाविले होते. इशारा मागे पडला, आकडा राहिला.

आपल्या बऱ्हाणपुरास हा भेद समजावयास दूर जावे लागत नाही. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या अमदानीत, अब्दुर रहीम खानखानाने येथे कुंडी भंडारा बांधविला. सातपुड्यातून ताप्तीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरावयाचे, त्यावर ओळीने कुंड्या खणून हवा-उजेड द्यावयाचा, आणि केवळ उताराने ते शहरात आणावयाचे. मोट नाही, रहाट नाही. डोंगर देईल तेवढेच पाणी येणार. अधिक ओढण्याची सोयच नाही. आमच्या भाषेत बोलावयाचे तर शहर व्याजावर जगत होते, मुद्दलास हात लागत नव्हता. २०२४ साली हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेला, याचा अभिमान वाटतो. परंतु भोवतालच्या कूपनलिकांनी त्याचे पाणी कमी केले, हेही त्याबरोबर लिहिले पाहिजे.

आज जिल्ह्याची समृद्धी केळीवर उभी आहे. केळीच्या पैशाने आमच्या धान्यबाजाराचीही उलाढाल वाढली, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण केळ बारमाही पाणी मागते. घड विकला की राष्ट्रीय उत्पन्नात भर. पंपास वीज लागली की भर. विहीर आटली म्हणून नवी कूपनलिका खोदली, तर त्या खोदाईचीही भरच! खाली उतरलेल्या पाण्याची नोंद मात्र उत्पन्नाच्या पानावर कोठेच नाही.

न्यायाचा प्रश्नही येथेच आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे मानले गेले. पाणी शिवेचा दगड पाहून थांबत नाही. ज्याची कूपनलिका खोल त्याची बाग हिरवी राहते, आणि शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर आटून तो त्याच बागेत मजुरीस जातो.

आपल्या राज्याने २०१६ साली आनंद विभाग काढला. जुलै २०२२ मध्ये आपला जिल्हा घरोघरी नळ पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला; ही लहान गोष्ट नव्हे. तथापि नळ ही रोजकीर्द झाली. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशेबाचे जे नवे दंडक स्वीकारले, त्यांत निसर्गसंपत्तीची झीज खर्चात धरण्याची वाट मोकळी केली आहे. देशाच्या कल्याणाचे धोरण आखावयाचे तर तेथूनच आरंभ करावा, असे आमचे मत आहे. भावाचेही तसेच. गव्हास सरकारी काट्यावर जी खात्री आहे ती निमाडच्या ज्वारीस मिळाली, तर थोड्या पाण्यावर येणारे हे पीक शेतकरी आपण होऊन पेरील; उपदेशाने कोणी पेरीत नाही.

परिग्रहपरिमाण व्रतात धनधान्याची मर्यादा आधी ठरवावी लागते, वर्ष संपल्यावर नव्हे. आमच्या सभासदांपैकी अनेकांच्या शेतांवर विहिरी आहेत. वैशाखात एकदा व आश्विनात एकदा दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी, आणि दिवाळीच्या वहीपूजनास संघाच्या कार्यालयात ते आकडे एका स्वतंत्र खातेवहीत उतरवावेत. खर्च एका दोराचा आहे.